लेख पाठवताना ‘एरर’ आला तर काय करावे?



गणेशोत्सवासाठी लेखन मागवले की आमचे फोन वाजू लागतात. “बटण दाबलं, लाल अक्षरांत काहीतरी इंग्रजी आलं आणि सगळं गेलं!” कोटरा सुल्तानाबादमधल्याच एका आजींनी लग्न होऊन भोपाळला आल्यानंतरच्या पहिल्या वर्षाच्या आठवणी दोनदा टाइप केल्या, दोन्ही वेळा गेल्या. शेवटी आम्ही घरी जाऊन लिहून घेतल्या. पण “पहिल्यांदा उतरलं होतं तसं नाही आलं,” असे त्या म्हणाल्या. असे पुन्हा होऊ नये म्हणून हे टिपण.

सर्वांत आधी

लेख थेट फॉर्ममध्ये टाइप करू नका. फोनच्या नोट्समध्ये किंवा वर्डमध्ये लिहा, सेव्ह करा आणि मग कॉपी करून चिकटवा. फॉर्म बराच वेळ उघडा राहिला तर लॉगिनची मुदत संपते. मग ‘सेशन एक्स्पायर्ड’ किंवा ४०३ असे दिसते. पुन्हा लॉगिन करून पाठवा. मूळ प्रत आपल्याकडे असली की चिंता नाही.

आकडे काय सांगतात?

४ ने सुरू होणारा आकडा म्हणजे आपण पाठवलेल्यात काही अडले आहे. ५ ने सुरू होणारा म्हणजे पलीकडच्या सर्व्हरची अडचण.

४०४: पत्ता चुकला किंवा ते पान आता तिथे नाही.
४१३: फाइल फार मोठी. बहुतेक वेळा फोटो. तो लहान करून पाठवा, एका वेळी एकच जोडा.
५००, ५०२, ५०३: आपला दोष नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.
५०४: उत्तर यायला उशीर झाला. लेख कदाचित पोचलाही असेल. आधी खात्री करा, नाहीतर तोच लेख दोनदा येतो.

मराठी अक्षरे बिघडली तर

भोपाळच्या कचेऱ्यांत नोकरी केलेल्या अनेकांचा हात कृतिदेववर बसलेला आहे. कृतिदेवमध्ये दिसते देवनागरी, पण आत साठतात रोमन अक्षरे. ‘मराठी’ लिहिले की आत ई, जे, के, बी, एच असते. दुसरीकडे चिकटवले की तेच उघडे पडते. मजकूर गेलेला नसतो, कन्व्हर्टरने तो युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र नंतर जोडाक्षरे आणि रफार एकदा वाचून पाहा.

चौकोन दिसले तर फक्त फॉन्ट नाही, मजकूर सुरक्षित आहे. पण प्रश्नचिन्हांची रांग दिसली तर तिथेच थांबा, सेव्ह करू नका. जुन्या नोटपॅडमध्ये ‘एएनएसआय’ निवडून सेव्ह केले की मराठी अक्षरांच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्हे साठतात, ती परत मराठी होत नाहीत. ‘यूटीएफ-८’ निवडा.

फोनवर हिंदी कीबोर्ड असेल तरी चालेल. युनिकोडमध्ये हिंदी आणि मराठीची देवनागरी एकच आहे, ‘ळ’ त्यातच आहे.

फूल कुठे अडले?

शेवटी जास्वंदीचे चित्र टाकले आणि लेख अडला, असेही होते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइटचे असते. ‘मराठी’ या शब्दात काने-मात्रे धरून ५ चिन्हे, म्हणजे १५ बाइट. बहुतेक इमोजी मात्र ४ बाइटची, आणि काही जुन्या डेटाबेसमध्ये ३ पर्यंतचीच सोय असते. तिथे एरर येतो किंवा इमोजीपासून पुढचा मजकूर कापला जातो. इमोजी काढून पाठवून बघा.

तरीही जमले नाही तर

स्क्रीनचा फोटो काढा, वेळ लिहून ठेवा, आणि फोन होता की कॉम्प्युटर ते आम्हांला सांगा. “काहीतरी आलं होतं” एवढ्यावरून आम्हांलाही शोधता येत नाही. आणि काहीच जमले नाही तर कागदावर लिहून द्या. टाइप आम्ही करू. आठवण मात्र राहून जाऊ देऊ नका.