कांजी अक्षरांचे गोंदण : अर्थ आणि रचना

प्रस्तावना : गोंदणाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. पालघर जिल्ह्यातील आदिवासी स्त्रियांच्या कपाळावर व हातांवर ती आजही दिसते. अलीकडे महाविद्यालयीन तरुणांमध्ये जपानी कांजी अक्षरे गोंदवून घेण्याची आवडही आढळते. स्वतःला वाचता न येणारे अक्षर अंगावर कायमचे राहते. म्हणून त्याचा अर्थ व रचना स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अर्थ : आगाशीजवळच्या सोपाऱ्यात १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांना सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. त्यावरील ब्राह्मी लिपी ही देवनागरीची पूर्वज होय. या लिपींत अक्षर ध्वनी दर्शविते. चीनमधून जपानात गेलेली कांजी मात्र मुख्यतः अर्थ दर्शविते आणि एकाच कांजीचे उच्चार बहुधा अनेक असतात. त्यामुळे प्रत्येक रोमन अक्षरासमोर एक कांजी देणारे तक्ते निराधार ठरतात. परकीय नावे जपानी लोक सामान्यतः काताकाना या ध्वनिदर्शक लिपीत लिहितात.

दोन कांजी एकत्र आल्या की अर्थ पालटू शकतो. अमेरिकन गायिका आरियाना ग्रांदे हिने २०१९ मध्ये आपल्या 'सेव्हन रिंग्ज' या गीताची आठवण म्हणून 'सात' व 'वर्तुळ' अशा अर्थांच्या दोन कांजी तळहातावर गोंदवून घेतल्या. जपानीत त्यांचा जोडशब्द 'शिचिरिन' होतो. त्याचा अर्थ कोळशाची लहान शेगडी!

रचना : मराठीत 'दिन' आणि 'दीन' यांत केवळ वेलांटीचा फरक आहे. कांजीतही तसेच घडते. दोन आडव्या रेघांपैकी खालची लांब असल्यास 'माती', वरची लांब असल्यास 'योद्धा'. 'मोठा' या अक्षराला वर उजवीकडे टिंब दिल्यास 'कुत्रा', खाली दिल्यास 'जाड' असा अर्थ होतो. म्हणून शोभेसाठी रेघा लांबविणे, वगळणे किंवा नमुना उलटा छापणे धोक्याचे असते.

निष्कर्ष : पारंपरिक गोंदणाची चिन्हे गोंदणारीण, गोंदवून घेणारी आणि पाहणारा समाज या तिघांनाही परिचित असत. कांजीबाबत ही खात्री आपोआप मिळत नाही. संपूर्ण शब्द जपानी शब्दकोशात पाहावा आणि सुई लावण्यापूर्वी त्वचेवरील नमुना जपानी जाणणाऱ्यास दाखवावा, एवढे मार्गदर्शन प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांस अवश्य करावे.