एकवीस सांध्यांची साखर

प्रयोगशाळेतल्या पारदर्शक पेटीत हात घालायचे ते पेटीलाच जोडलेल्या लांब हातमोज्यांतून. आत हवा नसते. असतो तो नायट्रोजन, त्यात थोडा कार्बन डायऑक्साइड आणि किंचित हायड्रोजन. चुकून ऑक्सिजन शिरलाच तर पॅलेडियमच्या साहाय्याने त्याचं हायड्रोजनशी संयुग होऊन पाणी बनतं. वाढद्रवात रेसाझुरिन नावाचं रंगद्रव्य टाकलेलं असतं. ऑक्सिजन नसतो तोवर ते रंगहीन राहतं. एखादी नळी गुलाबी दिसली, की ती बाजूला ठेवली जाते.

एवढी खबरदारी ज्याच्यासाठी, त्याचं नाव बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन, थोडक्यात थीटा. मुक्काम माणसाच्या मोठ्या आतड्यात. नळीत त्याला क्षार वगैरे मिळतात, पण साखर म्हणून एकच गोष्ट, उदाहरणार्थ फळांच्या सालीतलं पेक्टिन. काही तासांत नितळ द्रव गढुळतो. त्यातून किती प्रकाश आरपार जातो हे मोजलं, की जिवाणू किती वाढले ते कळतं.

याच पेक्टिनपुढे आपलं शरीर हतबल असतं. अन्नातल्या कर्बोदकांचे तुकडे करणारी मानवी विकरं सतराच्या आसपास आहेत. या एका जिवाणूकडे दोनशेहून अधिक आहेत. २००३मध्ये सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा जनुकसंच उलगडला, तेव्हाच या शस्त्रागाराचा आवाका ध्यानात आला.

जिवाणू खातो कसा, हे तर फारच देखणं आहे. इलिनॉय विद्यापीठात ॲबिगेल सॅलियर्स यांनी स्टार्चवर केलेल्या कामातून ही रीत प्रथम उलगडत गेली. पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं साखरेची लांब साखळी पकडतात, तिथलंच एखादं विकर तिचे मोठे तुकडे करतं. मग ते तुकडे बाह्य आवरणातल्या दारातून आत ओढले जातात. या दाराला झाकण असतं, पायाने उघडायच्या कचरापेटीसारखं: वर उचलतं, तुकडा घेतं, मिटतं. बारीक चिरकाम दोन आवरणांमधल्या जागेत होतं, शेजाऱ्यांच्या हाती फारसं काही लागू न देता. प्रत्येक प्रकारच्या साखळीसाठी जनुकांचा वेगळा गट असतो आणि ती साखळी समोर आल्याची खूण पटेपर्यंत तो गट जवळपास निजलेला राहतो. विकरं बनवायला ऊर्जा लागते, ती उगाच कोण खर्च करील?

या कौशल्याची खरी कसोटी म्हणजे ऱ्हॅम्नोगॅलॅक्टुरोनन-दोन. फळं आणि भाज्यांच्या पेशीभित्तिकेत ते सापडतं, रेड वाइनमध्येही उतरतं. त्यात तेरा प्रकारच्या साखरा आणि त्यांना जोडणारे एकवीस वेगवेगळे सांधे. त्यातल्या काही साखरा निसर्गात क्वचितच आढळतात. न्यूकॅसल विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या कामाचा अहवाल २०१७मध्ये प्रसिद्ध झाला: थीटा त्यातले वीस सांधे तोडतो! त्या शोधात विकरांची सात नवी कुळंही हाती लागली. वनस्पतींमधला सर्वांत गुंतागुंतीचा म्हणून ओळखला जाणारा हा शर्करारेणू, आणि तो सोडवणारा डोळ्यांना न दिसणारा एक जिवाणू. थक्क व्हावं असंच हे आहे.

सगळेच जिवाणू थीटासारखा शेजाऱ्यांपासून हात राखून खात नाहीत. शिजवून गार केलेल्या बटाट्यातला काही स्टार्च लहान आतड्यात पचत नाही. तो फोडण्यात रुमिनोकॉकस ब्रोमाय पुढे असतो, असं ॲबरडीनच्या रोवेट संस्थेतल्या संशोधकांनी दाखवलं. त्याने साखळी सोडली, की इतरांचंही पोट भरतं. त्यांच्यातले काही ब्युटिरेट बनवतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपली बहुतांश ऊर्जा त्यातूनच मिळवतात.

आणि भाजी-फळं, धान्याचा कोंडा आतड्यापर्यंत पोचलंच नाही तर? थीटा उपाशी मरत नाही, तो आतड्याच्या श्लेष्मातल्या साखरांकडे वळतो. २०१६मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जंतुविरहित उंदरांच्या आतड्यात मानवी आतड्यातल्या चौदा जिवाणूंच्या जाती वसवल्या होत्या, त्यांत थीटाही होता. तंतुमय आहार बंद करताच श्लेष्माचा थर झिजू लागला आणि सिट्रोबॅक्टर या रोगजंतूचा संसर्ग अधिक गंभीर झाला. शुद्ध करून काढलेल्या तंतूंची पूड त्याच आहारात मिसळूनही ही झीज थांबली नाही. भरपूर तंतू असलेला वनस्पतीजन्य आहार ज्या उंदरांना मिळत होता, त्यांचा थर मात्र जाड राहिला.