आधी वायर, मग रंधा मशीन

जळगाव-धुळ्याकडच्या खेड्यांत सुताराचं दुकान म्हणजे बहुतेक वेळा घराचीच पडवी. वखर, पाभर, गाडीचं चाक ही बलुत्यातली कामं लोखंडी अवजारांनी आणि ट्रॅक्टरनं केव्हाच नेली. उरली ती दारं, चौकटी, पलंग, दिवाण. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाखांपर्यंत कर्ज. पैशाची सोय दिसली की डोळ्यांपुढे पहिलं उभं राहतं ते रंधा मशीन. माझं मत असं की पहिला रुपया वायरीत घालावा.

पडवीत वीज येते ती घरच्या सिंगल फेजची. २ अश्वशक्तीची मोटर भारावर साधारण १० अँपिअर घेते; सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या पाच-सहा पट. मीटरपासून पडवीपर्यंत शंभर फूट अंतर असेल आणि वायर १ चौरस मिलिमीटरची, तर त्या क्षणी पन्नासेक व्होल्ट वायरीतच जिरतात. तांब्याची ४ चौरस मिलिमीटरची वायर ओढली तर तेरा-चौदा. त्यात संध्याकाळी व्होल्टेज आधीच बसलेलं असतं. इंडक्शन मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे २३० चे १८० झाले की जोर ६१ टक्क्यांवर येतो. मोटर नुसती घुमते, तापते, शेवटी वाइंडिंग जळतं आणि बोल लागतो मशीनला. व्हाउचरवर अवजारं मिळतात. वायरिंग खिशातून करावं लागतं, म्हणूनच ते मागे पडतं.

छोट्या दुकानासाठी जे रंधा मशीन सर्रास विकलं जातं, त्यात एकाच शाफ्टवर रंध्याची पाती, टोकाला गोल करवत आणि बहुधा भोक पाडायचा चकही असतो. जागा वाचते, मोटर एकच लागते. पण रंधा मारताना कडेची करवतही फिरत असते, आणि बऱ्याचदा उघडीच. १० इंची पातं मिनिटाला २८८० फेऱ्या घेत असेल तर त्याचा दाता ताशी १३८ किलोमीटरनं धावतो. रंध्याचं काम चालू असताना पातं काढून ठेवा, नाहीतर पत्र्याचं झाकण बसवून घ्या. करवतीच्या मागे चिरेत शिरणारी पोलादी पट्टीही हवीच. ताण असलेलं लाकूड चिरताना मिटतं, मागचे वर येणारे दाते ते पकडतात आणि फळी थेट अंगावर येते. हे झाकण आणि ही पट्टी मशीनसोबत आली नाही, तर गावातल्या वेल्डरकडून करून घेता येते.

आपल्याकडचं लाकूडही मशीनचा कस पाहणारं. धाब्याची घरं पाडली जातात तेव्हा तुळया, कड्या, खांब असा जुना साग निघतो. इतका मुरलेला साग वखारीत सहसा सापडत नाही. पण त्यात तुटलेले खिळे असतात, आणि भेगांत धाब्याची माती बसलेली. खिळा एका फटक्यात पात्याचे दाते उडवतो. माती रंध्याची धार हळूहळू खाते. तारेचा ब्रश आणि लोहचुंबक, या दोन स्वस्त वस्तू हजारोंची पाती वाचवतात. बाभूळ, आणि त्याहून कठीण अंजन, यांना साधं पोलादी पातं पुरत नाही. कार्बाइडच्या दात्यांचं घ्यावं. उभ्या चिरेला २४ दात्यांचं, प्लायवूड आणि आडव्या कापाला ६० च्या पुढचं. जुन्याच मशीनवर एवढा बदल केला तरी काम ओळखू येत नाही.

पुढची पायरी म्हणून थिकनेसर घेतात. तो पिळलेली फळी सरळ करतो ही समजूत चुकीची. त्याचे रूळ फळी दाबून सपाट करतात, पाती ती तशीच तासतात आणि बाहेर आल्यावर फळी पुन्हा पिळते. एक बाजू आधी रंध्यावर सपाट करावीच लागते. थिकनेसर दुसरी बाजू तिला समांतर करतो, इतकंच.

भुशाकडे कोणी बघत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९९५ मध्येच लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरली. नाक आणि सायनसचा धोका विशेष. त्यात मे महिन्यात पारा ४५ वर गेला की पडवीत कूलर लावायचा आणि तोच भुसा घरभर उडवायचा! पिशवीवाला धूळ-ओढ पंखा घ्यावा. तो येईपर्यंत कूलर पाठीमागे ठेवावा, म्हणजे वारा अंगणाकडे जाईल, आणि तोंडाला रुमालाऐवजी मास्क बांधावा.

शेवटी पात्याचा आकार. लाकूड उद्योगांसाठी केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना आहेत. त्यांत चिरलेलं लाकूड, प्लायवूड असा वैध मार्गानं घेतलेला माल वापरणाऱ्या आणि बँडसॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत नसलेल्या कारखान्यांना परवान्यातून मोकळीक दिली आहे. १२ इंची पातं साडेतीस सेंटिमीटरचं भरतं. १० इंची घ्यावं, धाब्याचं लाकूड विकत घेताना पावती मागावी, आणि बँडसॉचा विचार असेल तर पैसे मोजण्याआधी वनविभागाच्या कचेरीत विचारून यावं.