वर्क फ्रॉम होम : मेहेरबानी की करार?

खरं सांगा, 'पुढच्या सोमवारपासून पाचही दिवस ऑफिस' असा मेल आला, तर तुम्ही काय म्हणाल? 'शी यार!' की 'सुटलो बुवा'? आमच्या ग्रुपमध्ये दोन्ही पार्ट्या आहेत, आणि गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर आहे.

मी राहतो बुधवार पेठेत, ऑफिस हिंजवडीला. २९ सप्टेंबर २०२४ पासून मंडईतून भूमिगत मेट्रो मिळते, हे झकासच! पण एका गाडीत हिंजवडी नाही. बाइकवर जाऊन-येऊन दोन-अडीच तास सहज जातात. म्हणून माझं मत घराला.

पण पेठेतलं घर म्हणजे दोन खोल्या, आई-बाबा, कुकरच्या शिट्ट्या आणि खाली टेम्पोचा हॉर्न. दगडूशेठ हाकेच्या अंतरावर, त्यामुळे गणपतीच्या दहा दिवसांत 'म्यूट'चं बटण हाच आपला बाप्पा! हेडफोन, एक्स्टेन्शन बोर्ड, वायरी सगळं तपकीर गल्लीत मिळतं. मिळत नाही ती दार लावून बसता येईल अशी खोली.

ज्याची त्याची खोली

बावधनला स्वतंत्र स्टडी असलेला माझा कलीग ऑफिसचं नाव काढत नाही. एका खोलीत तिघं राहणारा फ्रेशर मात्र रोज येतो. एसी, फुकट कॉफी आणि शेजारी बसून शिकवणारा सिनियर, हे त्याला स्क्रीनवर कुठून मिळणार? टीममधल्या एका मैत्रिणीचा प्रवास वाचला, पण ते दोन तास गेले ओट्यापाशी. 'तू घरीच आहेस ना' हे वाक्य तिला पाठ झालंय.

फंडा काय आहे?

खरं टेन्शन घर की ऑफिस हे नाहीच. आज दिलेली सोय उद्या काढून घेतली तर काय, हे आहे. टीसीएसनं एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं की २०२५ पर्यंत एका वेळी फक्त २५ टक्के लोक ऑफिसात लागतील. १ ऑक्टोबर २०२३ पासून तिथे पाचही दिवस ऑफिस सुरू झालं. सेझमधल्या कंपन्यांसाठी जुलै २०२२ मध्ये ५० टक्के लोकांना एक वर्ष घरून काम करू देण्याचा नियम आला, डिसेंबरमध्ये तो आणखी सैल झाला, पण मुदत घालूनच. दरम्यान कुणी भाड्याची खोली सोडून साताऱ्याला गेलं, कुणी लांबचा स्वस्त फ्लॅट बुक केला. त्यांचे हप्ते मेल बघून थांबत नाहीत.

एचआरला हे चार प्रश्न विचाराच

* घरून कामाचे दिवस किती, आणि ते लेखी आहेत का?
* नियम बदलला तर किती दिवस आधी कळवणार?
* नेट, वीज, खुर्ची यांचा खर्च कोणाचा?
* संध्याकाळी कितीनंतर कॉल नाही?

प्रश्न विचारले म्हणजे बंड केलं असं नाही. पगाराचा आकडा आपण लेखी घेतो, मग घरून कामाचे दिवस तोंडी का? माझं विचाराल तर तीन दिवस घर, दोन दिवस ऑफिस. तुमचा हिशेब उलटा असेल, तरी चालेल. फक्त तो ऑफर लेटरमध्ये असू द्या, बॉसच्या मूडमध्ये नको.