नोंदणीतील ठसा आणि नाव

‘आधार’ योजनेतील पहिले क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी देण्यात आले. तेव्हापासून या नोंदणीची चर्चा बहुधा ठशांच्या अंगानेच होत आली आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. दहा बोटांचे ठसे, दोन्ही बुबुळांच्या प्रतिमा व चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते. ठसा अस्पष्ट उमटल्यास यंत्र तो पुन्हा मागते. मग ही व्यक्ती पूर्वी नोंदली गेली आहे काय, हे साऱ्या संग्रहाशी ताडून पाहिल्यावरच बारा अंकी क्रमांक मिळतो. पाच वर्षांखालील मुलांचे ठसे घेत नाहीत. बोटे वा डोळे गमावलेल्यांसाठी अपवादाची तरतूद आहे.

भाषेच्या अभ्यासकाला अधिक विचार करावयास लावणारी पायरी मात्र याच्या अगोदरची होय. नाव, जन्मतारीख, लिंग व पत्ता ही माहिती कर्मचारी टंकित करतो. नाव रोमन लिपीत लिहिले की त्याचे देवनागरी रूप संगणक सुचवितो. आता, रूढ रोमन लेखनात ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ण’ आणि ‘न’, ‘ड’ आणि ‘द’ यांतील भेद उरत नाही. ऱ्हस्वदीर्घाचीही तीच गत. के-ए-एल-ई या चार अक्षरांतून काळे, काले आणि कळे ही तिन्ही आडनावे सारख्याच हक्काने निघतात. डांगे आणि दांगे यांच्यात निवड करण्यास यंत्रापाशी आधारच नाही. (योजनेच्या नावाशी येथे श्लेष साधण्याचा हेतू नाही.)

सुचविलेले रूप दुरुस्त करता येते, व त्यासाठी अर्जदाराकडे तोंड केलेला दुसरा पडदा ठेवण्याची पद्धत आहे. परंतु तो पडदा वाचणार कोण? ठशाची पारख यंत्र करते. नावाची पारख मात्र नाव सांगणाऱ्याच्या साक्षरतेवर सोपविलेली आहे. शिवाय पुनरुक्तीचा शोध मुख्यतः ठशांवर चालत असल्याने चुकीच्या नावानेही क्रमांक बिनतक्रार मिळतो. चूक उघडकीस येते ती पुढे, शाळेचा दाखला किंवा बँकेचे खाते त्याच्याशी ताडले जाते तेव्हा.

नावात बदल करण्याची मुभा सामान्यतः दोनदाच आहे. विवाहानंतर वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव व आडनाव लावणाऱ्या मराठी स्त्रीची त्यांपैकी एक तेथेच खर्ची पडते.