एकच झाड, अनेक गैरसमज: गांजा, भांग आणि चरस

गांजाचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात: 'झाडपाला आहे, त्यात कसला अपाय?' नाहीतर 'ते झाडच विषारी.' दोन्ही चूक आहेत. झाडाचा कोणता भाग, त्यात नशेचं रसायन किती आणि घेणाऱ्याचं वय काय, यावर सगळं अवलंबून असतं.

गैरसमज: गांजा, भांग आणि चरस ही वेगवेगळी झाडं आहेत.
वस्तुस्थिती: झाड एकच, कॅनाबिस. मादी झाडाचे वाळवलेले फुलोरे म्हणजे गांजा, त्याची चिकट राळ म्हणजे चरस आणि पानं वाटून होते ती भांग. नशा येते टीएचसी या रसायनामुळे. फुलोऱ्यावरच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये ते सर्वाधिक असतं.

गैरसमज: पंजासारखं पान दिसलं की तो गांजाच.
वस्तुस्थिती: आपल्या शेतातल्या अंबाडीची पानंही तशीच दिसतात. नीट पाहा: अंबाडीचं पान एकच असतं, फक्त खोलवर कातरलेलं. गांजाच्या पानात करवतीसारख्या कडांच्या सुट्या पर्णिका एका देठावर जुळलेल्या असतात. अंबाडीला जास्वंदीच्या घाटाची फिकट पिवळी, मध्ये गडद रंगाची फुलं येतात. गांजाची फुलं मात्र बारीक आणि हिरवट असतात.

गैरसमज: भांग चालते, म्हणजे थोडा गांजाही चालतो.
वस्तुस्थिती: १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा आणि चरस येतात. फुलोऱ्याविना असलेली पानं आणि बिया त्यात येत नाहीत. भांगेबाबत राज्यांचे नियम लागू होतात. महाराष्ट्रात ती परवान्याशिवाय बाळगता येत नाही. गांजा मात्र थोडा सापडला तरी गुन्हाच. एक किलोपर्यंतच्या 'अल्प प्रमाणा'लाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

गैरसमज: थंडाईतून घेतलेली भांग सौम्य असते.
वस्तुस्थिती: धुरातून नशा काही मिनिटांत चढते. पोटातून गेलेली भांग मात्र चढायला अर्धा ते दोन तास घेते. होळीला किंवा महाशिवरात्रीला 'काहीच होत नाही' म्हणून दुसरा पेला घेतला जातो आणि मग दोन्ही पेल्यांचा अंमल एकत्र येतो. छातीत धडधड, भीती, भ्रम असा त्रास होऊन तो कित्येक तास टिकू शकतो.

गैरसमज: गांजाचं व्यसन लागत नाही.
वस्तुस्थिती: लागतं. वापरणाऱ्यांपैकी साधारण अकरात एकाला आणि किशोरवयात सुरुवात करणाऱ्यांपैकी सहात एकाला ते जडतं. घडणीच्या वयातल्या मेंदूवर त्याचा अधिक परिणाम होतो आणि तीव्र मानसिक आजाराचा धोका वाढतो.

गैरसमज: कॅन्सरसकट सगळ्या आजारांवर गांजा हे औषध आहे.
वस्तुस्थिती: कॅन्सर बरा होतो, असा पुरावा नाही. २०१८ मध्ये अमेरिकेत या झाडातल्या सीबीडी या रसायनापासून केलेल्या औषधाला लहान वयात सुरू होणाऱ्या दोन गंभीर प्रकारच्या अपस्मारासाठी मान्यता मिळाली. तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिलं जातं.

गैरसमज: नशेपलीकडे या झाडाचा उपयोग नाही.
वस्तुस्थिती: खोडाच्या धाग्यांपासून दोर आणि कापड होतं. उत्तराखंडातल्या कुमाऊँमध्ये बियांची चटणी रोजच्या जेवणात असते, तिने नशा येत नाही. उत्तराखंडात टीएचसी ०.३ टक्क्यांपेक्षा कमी असलेल्या वाणांची लागवड परवान्याने करता येते.

घरातलं कुणी गांजाच्या व्यसनात अडकलं असेल तर लपवू नका आणि त्याला दोष देत बसू नका. १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन विनाशुल्क आहे. आजच फोन करा.