बटण दाबले, पुढे काय?

पुण्यात पर्वतीच्या १०३ पायऱ्या रोज पहाटे चढणाऱ्यांत सत्तरी ओलांडलेली मंडळी कितीतरी दिसतात. पायांत कॅनव्हासचे बूट, कानांवर मफलर आणि हातात काठी असलीच तर ती कुत्र्यांसाठी. त्यांना कोणी 'म्हातारे' म्हटले तर राग येतो आणि तो रास्तच असतो. यातल्या अनेकांची मुले बंगलोरला, सिंगापूरला किंवा न्यू जर्सीत असतात. बाबा एकटे राहतात, एकटे फिरतात, बँकेची कामे स्वतः करतात, नाट्यगृहाच्या रांगेत उभे राहतात. त्यांचे काही अडत नाही. झोप उडते ती मुलीची. मग एखाद्या दिवाळीला ती येताना एक खोके घेऊन येते. आत गळ्यात अडकवायचे, मधोमध लाल बटण असलेले यंत्र. बाबा ते उलटेसुलटे करून पाहतात आणि विचारतात, "हे मी घालायचं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधतात तसं?"

हा प्रश्न हसून सोडून देण्यासारखा नाही. कारण न घातलेले यंत्र हे नसलेल्या यंत्रासारखेच असते. इंग्लंडमध्ये केंब्रिजला नव्वदी ओलांडलेल्या ११० जणांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला अभ्यास २००८ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. त्या वर्षात त्यांतले ६६ जण निदान एकदा पडले. अनेकांकडे मदतीची घंटा होती. पण जे बराच वेळ जमिनीवर पडून राहिले, त्यांतल्या बहुतेकांनी ती वाजवलीच नव्हती. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. बटण स्नानगृहाबाहेरच्या खुंटीवर असते आणि माणूस आत घसरतो. किंवा बटण गळ्यातच असते, पण 'उठेन मी आपला आपण, उगाच लोकांना कशाला त्रास' असे वाटत राहते. आपल्याकडच्या आयांना तर हे सांगायलाच नको.

आणि असे पडून राहणे फार महाग पडते. हाड मोडलेले नसले तरी तासन्‌तास कठीण फरशीवर पडल्याने स्नायू चेंगरतात, त्यातून निघणारी द्रव्ये मूत्रपिंडांना इजा करतात, अंगातले पाणी कमी होते, कातडीला जखमा होतात. म्हणजे पडणे जितके वाईट, तितकेच कोणाला न कळणेही वाईट. या यंत्राची सगळी गरज या दुसऱ्या गोष्टीपुरती आहे. ते पडणे थांबवत नाही. ते काम स्नानगृहातल्या दांड्याचे, रात्रीच्या दिव्याचे, वेळेवर केलेल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचे आणि झोपेच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारण्याचे. यंत्राच्या किमतीतला थोडा भाग आधी तिकडे खर्च करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत बोस्टनला ॲन्ड्र्यू डिबनर या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७४ मध्ये 'लाइफलाइन' ही सेवा सुरू केली. घरच्या दूरध्वनीला जोडलेला एक डबा आणि अंगावर बाळगायचे छोटे बटण. ते दाबले की डबा आपोआप केंद्राला फोन लावतो. घराबाहेर फारसे न पडणाऱ्यांसाठी अशी रचना आजही चांगली आहे. पण तिची हाक घराच्या चार भिंतींपुरतीच पोचते. जो माणूस सकाळी टेकडीवर आणि संध्याकाळी भाजी मंडईत असतो, त्याला तिचा उपयोग काय?

अशा हिंडत्याफिरत्या माणसासाठी दोन मार्ग उरतात. एक म्हणजे स्वतःचे सिमकार्ड असलेले लटकन. त्यात बोलायची सोय असते आणि उपग्रहांच्या मदतीने जागाही कळते. दुसरा मार्ग मनगटी घड्याळाचा. ॲपलने २०१८ साली आपल्या घड्याळात 'पडणे ओळखण्याची' सोय आणली. जोराचा धक्का बसून माणूस सुमारे मिनिटभर हालला नाही, तर घड्याळ स्वतःच मदतीचा फोन लावते. आता इतरही घड्याळांत ही सोय आहे. मात्र तिच्यावर सगळी भिस्त ठेवू नये. भिंतीला धरून हळूहळू खाली बसलेल्या आजी तिला कळतीलच असे नाही. उलट बॅडमिंटन खेळणाऱ्या आजोबांचा जोरदार फटका तिला पडण्यासारखा वाटू शकतो. म्हणजे माणूस जितका चपळ, तितके खोटे इशारे जास्त. शिवाय साध्या प्रकारच्या घड्याळाला फोन लावायला मोबाइल जवळ लागतो, आणि अशी अनेक घड्याळे जवळजवळ रोज चार्ज करावी लागतात. रात्री उशाशी चार्जिंगला लावलेले घड्याळ रात्री स्वच्छतागृहात जाताना मनगटावर नसते, हे लक्षात ठेवा. चार्जिंगची वेळ सकाळच्या चहा-पेपरची ठेवावी.

तरीही हिंडणाऱ्या आईवडिलांसाठी मी घड्याळच सुचवीन. कारण ते घड्याळ असते. भिशीत, लग्नाच्या पंगतीत कोणी 'हे काय घातलंय?' असे विचारत नाही.

परदेशातून येताना यंत्र आणणाऱ्यांनी थोडे थांबावे. तिकडच्या लटकनांचे बटण तिकडच्या केंद्राशी जोडलेले असते. इथे ते नुसते लोलक. मोबाइलचे जाळेही बदलत असते. अमेरिकेत २०२२ मध्ये कंपन्यांनी 'थ्री-जी' बंद केले, तेव्हा त्यावर चालणारी जुनी यंत्रे बदलावी लागली. म्हणून इथे घेतानाही ते 'फोर-जी'वर चालते का, हे दुकानदाराला विचारावे.

आता मूळ प्रश्न. बटण दाबले, पुढे काय? अनेक घरांत यंत्रातला पहिला क्रमांक मुलाचा असतो. मुलगा न्यू जर्सीत. बाबा दुपारी बारा वाजता पडले, तर तिथे मध्यरात्र उलटून गेलेली असते. तो दचकून उठणार आणि पुण्यात कोणाला तरी फोन लावत बसणार. त्यापेक्षा पहिला क्रमांक पाच मिनिटांत दाराशी येऊ शकेल अशा माणसाचा हवा. समोरच्या वहिनी, खालच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा मुलगा, सोसायटीचा वॉचमन. मुलगा चौथा असला तरी चालेल. या सगळ्यांना आधी विचारावे, आणि यंत्राचा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये 'जोशीकाका तातडीचे' अशा नावाने ठेवून घ्यावा. अनोळखी क्रमांक हल्ली कोणीच उचलत नाही.

वहिनी धावत येतात आणि दाराला आतून कडी! हे हमखास होते. उपग्रह इमारत दाखवतो, मजला दाखवेलच असे नाही, आणि कडी तर कोणीच उघडून देत नाही. एकट्या राहणाऱ्याने आतली कडी न लावता लॅचवर भागवावे आणि एक किल्ली शेजारी ठेवावी. चोरांची भीती वाटत असेल तर बाहेरून किल्लीने उघडणारे दुसरे कुलूप बसवून घ्यावे. सुताराचे अर्ध्या दिवसाचे काम आहे.

ज्यांना यातले काहीच नको, त्यांच्या खिशातही एक बटण असतेच. २०१७ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या मोबाइलमध्ये धोक्याचे बटण सक्तीचे आहे. साध्या फोनवर ५ किंवा ९ आकडा दाबून धरायचा, स्मार्टफोनचे पॉवरचे बटण लागोपाठ तीनदा दाबायचे. काही फोनांत ही रीत वेगळी असते, ती एकदा पाहून घ्यावी. पोलीस वा अन्य मदतीसाठी ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे आकडे पाठ हवेतच.

एक नाजूक बाब राहिली. यंत्राला जागा कळते म्हणजे मुलांनाही कळते. "आई, तू आत्ता तुळशीबागेत काय करतेयस? गुडघा दुखत होता ना?" असा फोन दोनदा आला की तिसऱ्या दिवशी घड्याळ कपाटात जाते. तेव्हा जागा कधी पाहायची, हे आधीच बोलून ठरवावे. बटण दाबले तर, किंवा रात्री ठरलेल्या वेळेपर्यंत घरी पोचली नाही तर, एरवी नाही. आणि यंत्र निवडायला आईलाच दुकानात न्यावे. पट्टा एका हाताने लागतो का, आकडे चष्म्याशिवाय दिसतात का, बटण संधिवाताच्या बोटाने दाबले जाते का, हे तिलाच कळणार. पाणी चालते असे लिहिलेले असले तरी गरम पाणी आणि साबण चालतो का, हेही विचारावे.

घरी आणल्यावर महिन्याच्या एक तारखेला सर्वांना सांगून एकदा बटण दाबून पाहावे; स्नानगृहातून, गच्चीवरून, पार्किंगमधून. सिमकार्डाचे रिचार्ज त्याच दिवशी करावे. ते संपले की बटण दाबूनही फोन लागत नाही, आणि यंत्रावरचा हिरवा दिवा मात्र लुकलुकत राहू शकतो.